मास्तरांचा डावा पाय

लेखिकाबाईंना कुठेही भाषणाला बोलवा, शेवटी कोणीतरी उठून तो प्रश्न विचारायचंच. बाई, तुमच्या लेखनावर कोणाचा प्रभाव आहे? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. पहिला प्रभाव वडिलांचा. ते पायी फिरून येशूचं शुभवर्तमान सांगत, आणि त्यांच्या तोंडून ऐकलेला प्रभू बाईंना शेजारच्या घरातला वाटे. दुसरा प्रभाव जेवणाच्या टेबलामागे टांगलेल्या चित्राचा. जुन्या कॅलेंडरातून कापलेलं ते चित्र, खिडकीशी उभी राहून पाव कापणारी एक बाई. तिचे हात बघून आपण वाक्य कुठे थांबवायचं ते शिकलो, असं त्या सांगत. "आणि तिसरा प्रभाव आमच्या ह्यांच्या पायाचा," असं त्या म्हणाल्या की सभागृह हसायचं. मागच्या रांगेत बसलेले मास्तर तेवढ्यात आपले बूट खुर्चीखाली ओढून घ्यायचे.

बाई थट्टा करत नव्हत्या. मास्तर चर्चमध्ये पायपेटी वाजवत. हातांनी सूर धरायचे आणि पायांनी भाता चालवायचा, हे काम उभा जन्म केल्यामुळे त्यांचे पाय त्यांच्या डोक्याआधी ऐकत. बाई नवं काही लिहिलं की संध्याकाळी त्यांना वाचून दाखवत. वाक्य नीट चालत असेल तर मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर हळूहळू ताल धरायचा. वाक्य लंगडलं, खोटं पडलं, उगाच गोड झालं, की डावा पाय धप्पकन खाली यायचा. झालं. बाई तो कागद फाडून चार तुकडे करत आणि केराच्या टोपलीत टाकत. वाईट कागद घरात ठेवला तर तो चांगल्यांना बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. नक्कल ठेवायची त्यांना सवयच नव्हती.

आणि मास्तरांनी कधी भीड धरली नाही. बाईंचे वडील गेले तेव्हा बाईंनी त्यांच्यावर लिहिलेला लेख वाचून दाखवला. बाई लेख रडत रडत वाचत होत्या, तरी डावा पाय आला तो आलाच. बाईंनी दोन दिवस अबोला धरला. मग नवा लेख लिहिला, आणि तो ऐकताना मास्तरांचे डोळे वाहत होते नि उजवा पाय चालू होता. "माझ्याशी गोड बोलणारे पुष्कळ आहेत," बाई त्या दिवशी म्हणाल्या, "तुमचा पाय तेवढा माझा राहू द्या."

तो पाय गेला.

बाईंच्या कादंबरीचा शेवटचा अध्याय तेवढा उरला होता. बायबलमधली ती गोष्ट चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. एका बहिणीच्या मेलेल्या भावाला प्रभूने कबरीतून हाक मारली, आणि तो उठून बाहेर आला. बाईंना त्याच्या पुढचं लिहायचं होतं. तो माणूस पुढे कधीतरी पुन्हा मेला असणारच. त्या दुसऱ्या मरणाच्या वेळी बहिणीने काय केलं? चर्चच्या पाळकसाहेबांना हा विषय ऐकून घाम फुटला होता. मास्तरांना मात्र फार आवडला होता. अध्याय लिहून व्हायच्या आतच एका सकाळी बूट घालता घालता मास्तर कोसळले. त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं कळत होतं. घोटाळा एवढाच होता की आतलं बाहेर येईना. मान हलवायला गेले तर हो म्हणायच्या जागी नाही व्हायचं. चहा हवा का विचारलं की मान आडवी हलायची आणि कप परत नेला की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, यांच्या मानेवर विश्वास ठेवू नका. बाईंनी ठेवला नाही. त्यांनी मास्तरांना खिडकीशी उंच उशीवर बसवलं, पायांवरचं पांघरूण बाजूला केलं आणि म्हणाल्या, "मान चुकेल. तुमचा पाय चुकायचा नाही."

मग त्यांनी नुकताच लिहून संपवलेला शेवटचा अध्याय वाचला.

मास्तर ऐकत राहिले. बहीण भावाला पुरून घरी येते. रडत नाही. सवयीने चूल पेटवते, दोघांचं वाढते, मग थांबते. "तिने त्याची ताटली धुतली, पुसली आणि नेहमीच्या जागी ठेवली. या वेळी कोणी हाक मारायला आलं नाही. तरी दार तिने उघडंच ठेवलं." एवढ्यावर अध्याय संपत होता. मास्तरांच्या अंगावर सरसरून काटा आला. असं बाईंनी आजवर लिहिलं नव्हतं. त्यांनी उजव्या पायाला सांगितलं, चल. पाय ढिम्म. पुन्हा सांगितलं. तो पाय दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा चादरीवर पडून होता. आनंदाने मास्तरांचा जीव नुसता कासावीस झाला, आणि अंगात जेवढं काही हलत होतं ते सगळं एकदम हललं. डावा पाय धाडकन पलंगाच्या कडेवर आपटला.

बाईंचा चेहरा उतरला. "नाही?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी घाबरून तो पाय पुन्हा हलवला. आणखी दोनदा हलवला.

"बरं, बरं. कळलं मला," असं म्हणून बाईंनी ते कागद फाडले. एरवीसारखेच, चार तुकडे. मास्तरांच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून त्यांनी धीर दिला. "रागावू नका हो. पुन्हा लिहिते."

बाईंसारखी शहाणी बाई आणि एवढं कळू नये, असं कोणालाही वाटेल. रोज मास्तरांचे हातपाय हलवून घ्यायला दवाखान्यातली एक मुलगी यायची, तिने बोलूनही दाखवलं. "आई, बाबांचा डावाच पाय चालतो आता. त्याचा काही अर्थ लावू नका." बाईंना ते झोंबलं. "डाव्या पायाचा अर्थ मला तू शिकवू नकोस. त्या पायाने मला लिहायला शिकवलंय." माणूस हातचं निसटायला लागलं की उरलेली एखादी खूण आपण मुठीत घट्ट धरून बसतो. बाईंनी पाय धरला होता.

आणि त्यांनी देवाशी एक करारही केला होता. तो त्यांनी मास्तरांच्या उशाशी गुडघे टेकून मोठ्याने सांगितला, त्यामुळे मास्तरांनाही तो ऐकावा लागला. हा अध्याय जमला की ह्यांचा उजवा पाय हलेल. तू हलवशील. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही, प्रभू, लिहिणंच आहे. मास्तरांना ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, देवाला असं अडवू नये. त्यांच्या तोंडून नुसती लाळ आली. बाईंनी ती पुसली.

दुसरा खर्डा आला. तिसरा आला. मास्तर आता डावा पाय दगडासारखा ठेवत. तरी काय उपयोग? बाई उजव्याकडे बघत बसायच्या, वाट पाहायच्या, आणि मग कागद फाडायच्या. प्रत्येक खर्ड्यात अध्याय थोडा बदलत गेला. आधी ताटली गेली. मग बहिणीच्या स्वप्नात भाऊ हसला. मग अंगणात उजेड पडला. "तुम्हाला तो मेलेला नकोय, होय ना?" बाई एकदा मास्तरांचा निर्जीव हात चोळत म्हणाल्या. "मलाही नकोय." मास्तरांना तेव्हा उमगलं. म्हणजे बाई आता भावाबद्दल लिहीतच नव्हत्या. त्यांची बोटं शाईने काळी, केस विस्कटलेले, समोरचं सूप थंडगार, आणि भिंतीवरची पाव कापणारी बाई आपल्या शांत हातांनी हे सगळं बघत होती.

पण मास्तरही काही हार खाणारे नव्हते. एक दिवस ती मुलगी त्यांचा गुडघा दुमडताना एक भजन गुणगुणत होती, आणि मास्तरांच्या तोंडून त्या भजनाची अख्खी ओळ बाहेर पडली. शब्दांसकट, सुरात. मुलगी किंचाळली, बाई धावत आल्या. सगळे तोंडाकडे बघायला लागल्यावर पुन्हा काही निघेना. मुलीने सांगितलं की असं होतं. ज्यांचं बोलणं जातं त्यांनाही कधीकधी गाता येतं, कारण गाण्याची वाट वेगळी असते. मास्तरांनी ते मनात पक्कं धरलं.

एकदा ऐकलेली चाल ते आयुष्यात विसरले नव्हते, आणि बाईंचं गद्य त्यांना चालीसारखंच लक्षात राहायचं. तो फाडलेला अध्याय त्यांच्या डोक्यात जसाच्या तसा होता. आता त्याला चाल लावायची. ताटलीचं ते वाक्य तरी गाऊन दाखवता आलं तर बाईंना कळेल की आपण कुठला खर्डा मागतोय. खोलीत कोणी नसलं की मास्तर कामाला लागत. साधी चाल, खालच्या पट्टीतली, दार उघडं ठेवलं तिथे थांबणारी. बरेच दिवस नुसता सूर यायचा. मग एकदा "तिने" आलं. मग "ताटली". बाकीचं वाक्य जिभेच्या मागे येऊन अडायचं. थोडे दिवस मिळाले असते तर आलं असतं. मास्तर तेवढीच प्रार्थना करत होते. पायाचं त्यांनी देवाकडे कधी मागितलं नाही.

ते दिवस मिळाले नाहीत. एका रविवारी सकाळी बाई नवे कागद घेऊन खिडकीशी बसल्या. पलीकडे चर्चमध्ये उपासना चालू होती. मास्तरांच्या जागेवर बसलेला नवा वादक गाणं फरफटत नेत होता. बाईंनी वाचायला सुरुवात करण्याआधी कागद मांडीवर ठेवले.

"आज शेवटचं वाचतेय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सपाट कधी नव्हता. "हेही नसेल, तर मी लिहिणं बंद करते. आणि त्याच्याशी बोलणंही बंद करते. वर कोणी ऐकतच नसेल तर मी एकटीनेच किती बोलायचं?"

मग त्यांनी वाचलं. या खर्ड्यात भाऊ पुन्हा उठला. हाक आली, कबर उघडली, उजेड, पांढरी वस्त्रं, सगळं गाव गात गात घरी आलं. वाक्यं गुळात बुडवल्यासारखी. मास्तरांचा डावा पाय आपोआप उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय ती, तिला कोण थांबवणार? त्यांनी सगळा जोर लावून तो गादीत दाबून धरला. असलं खोटं बाईंनी कोवळ्या वयातही लिहिलं नव्हतं.

बाई वाचून थांबल्या. त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या गळ्याच्या वर आलेल्या शिरांकडे, कागद घट्ट धरलेल्या बोटांकडे. ती बोटं फाडायच्या तयारीत होती. मास्तरांच्या घशात ताटलीची चाल तयार होती. या वेळी कदाचित सगळं वाक्य आलं असतं. आणि आलं असतं तर बाईंना काय कळलं असतं? एवढंच की चांगलं होतं ते आपण आपल्या हातांनी फाडलं, या माणसाच्या डोळ्यांदेखत, आणि हा माणूस ओरडत असताना त्याला गप्प केलं.

पलीकडे गाणं संपलं. मंडळीने शेवटचा सूर धरला, आणि त्या सुरावर मास्तरांनी आपला आवाज ठेवला.

"आ... मेन."

खणखणीत, सुरात, पहिल्यासारखं. बाईंच्या हातातले कागद खाली पडले.

"काय म्हणालात? अहो, काय म्हणालात?"

मास्तरांनी पुन्हा गायलं. आमेन. उभ्या संसारात बाईंच्या लिहिण्याला त्यांनी दिलेली ही पहिली खोटी दाद होती, आणि ती त्यांनी प्रभूच्या नावावर दिली होती. क्षमा मागायची तर सवडीने मागू, असं त्यांनी ठरवलं. बाईंनी त्यांच्या छातीवर डोकं ठेवलं आणि लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडल्या. "पाय नको, राहू दे तो पाय," त्या देवाला सांगत होत्या. "आवाज दिलास. पुष्कळ झालं रे. पुष्कळ झालं." मग त्या उठल्या, तोंड धुतलं, किती दिवसांनी केस विंचरले. आदल्या रात्रीचं थंड सूप गरम करून दोघांनी प्यायलं, आणि बाईंनी वाटी चाटूनपुसून संपवली. मास्तर बघत राहिले. आपण बरोबर केलं, असं त्यांना त्या वाटीकडे बघून वाटलं, आणि तरी तो फाडलेला अध्याय मनातून जाईना.

बाईंनी कागद गोळा करून दोऱ्याने बांधले. "पाळकसाहेब अजून खाली चर्चपाशी असतील. छापखान्याकडे उद्याच पाठवा म्हणून सांगून येते." जिन्यावर त्यांची पावलं पूर्वीसारखी भरभर वाजली.

खोलीत मास्तर एकटेच उरले. त्यांना काही करायचं नव्हतं. सवयीने चाल मनात आली, आणि या वेळी मागे अडलं काहीच नाही. तोंड उघडलं आणि शब्दामागून शब्द येत गेले, हळू, स्वच्छ. तिने त्याची ताटली धुतली, पुसली आणि नेहमीच्या जागी ठेवली. या वेळी कोणी हाक मारायला आलं नाही. डावा पाय चादरीवर ताल धरत होता, अगदी उजव्यासारखा.

तरी दार तिने, इथपर्यंत ते आले, आणि जिन्यावर बाईंची पावलं वाजली. मास्तरांनी पाय थांबवला आणि तोंड मिटून घेतलं.