निगाताची बाटली

आमच्याकडे आठ दिवस जावई मुक्कामाला होता आणि त्याला जावई म्हणायची बंदी होती. बंदी घालणारे घरचे मालक, म्हणजे माझे यजमान रतिलाल. प्रकाशा गावात केळी आणि ऊस करणारा भला माणूस, पण एकदा नाही म्हटलं की संपलं.

कामिनी, आमची एकुलती लेक, जपानात निगाताला नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी तिने तिथल्या ताकुमीशी लग्न केलं, तेही सरकारी कचेरीत कागदावर सह्या करून. हे कळल्यावर यांनी एकच धोशा लावला. "फेरा नई, हळद नई, मंग लगीन कसानं?" तेव्हापासून कुणी विचारलं की सांगायचे, पोरीसाठी स्थळं बघतोय. लोकही भाबडे, मुलांचे बायोडाटे आणून द्यायचे. मी ते कपाटात कोंबायची आणि चरफडायची.

यंदा दोघं पहिल्यांदाच आली. ताकुमी लाजाळू, दर वाक्याला वाकून नमस्कार करणारा. शेजाऱ्यांना यांनी सांगून टाकलं, "कामिनीना कंपनीना सायब शेतस." सायबांची गादी वरच्या खोलीत, कामिनी खाली माझ्याजवळ. नवरा-बायकोला असं वेगळं झोपवताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पोर आठ दिवस काही बोलली नाही. जायच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र भांडी पुसता पुसता म्हणाली, "मम्मी, पप्पांनी त्याले एकदाव जवाई म्हनाले पाहिजे व्हतं. तितलंच संगे लई जावानं व्हतं माले." मी तोंड फिरवून पातेलं घासत बसले. मला रडू येत होतं.

संध्याकाळी तिने बॅगेतून एक निळी बाटली काढली. साके, तांदळाची दारू. आमच्या घरात दारू येत नाही. यांचं म्हणाल तर केळीचा ट्रक भरून गेला की मळ्यात शेजारच्या हेमराजभाऊंबरोबर दोन घोट होतात, आणि घरी येताना तोंडात मूठभर बडीशेप असते. मी काही बोलत नाही, तेही काही बोलत नाहीत.

"आज पप्पांनी घरात बसीन पेवानी," कामिनी म्हणाली आणि ओट्याचा ताबा घेतला. तिकडे यात कसलंसं आंबट फळ पिळतात म्हणे. ते इथे कुठलं? परसातली लिंबं घेतली. साखरेच्या पाकाऐवजी आमच्याच शेतातले दोन ऊस रसवंतीवर देऊन काढून आणलेला रस. आलं किसून पिळलं. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं झाकण. साके, रस, आलं, लिंबू, बर्फ असं सगळं तिने फिरकीच्या झाकणाच्या डब्यात भरलं आणि डबा ताकुमीच्या हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी असा हलवला की डब्यातल्या बर्फाच्या आवाजाने हे ओसरीवरून उठून आत आले.

चहाच्या गाळणीतून चार ग्लास भरले. वर पुदिन्याचं एकेक पान. ताकुमीने पहिला ग्लास दोन्ही हातांनी यांच्यापुढे धरला. यांनी घेतला, हुंगला आणि चेहराच उजळला.

"पिकेल केळासारखा वास ई ऱ्हायना!"

खरंच येत होता. जन्मभर केळी पिकवलेला माणूस, त्याचं नाक चुकायचं नाही. ग्लास ओठांपर्यंत गेला आणि यांनी सहज विचारलं, "हाई कोनी बनाडं?"

"त्याना पप्पांनी," कामिनी म्हणाली. "तठे दारूना कारखानामा कामले शेतस ना ते. हाई बाटली त्यासनाच हातनी शे. खास तुम्हनासाठे धाडी त्यासनी."

यांनी ग्लास खाली ठेवला.

"मंग माले चालाव नई. आंडेरना सासरनं पानी बी बाप पेत नई."

लेकीच्या सासरचं काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. माझ्या वडिलांनी तर मरेपर्यंत माझ्या घरचा चहा घेतला नाही. यांच्या तोंडून ती रीत सवयीने निघून गेली. कामिनीचा हात गाळणीवर तसाच राहिला.

मी का सोडते? "कोनतं सासर?" मी विचारलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कामिनीकडे. पित्ताचं, गोळ्यांचं काहीही निमित्त सांगून सुटता आलं असतं.

"कोनतं म्हंजे?" हे माझ्यावरच डाफरले. "एकच ते शे तिनं सासर!"

कामिनीचे डोळे भरून आले. तरी सवयीने वाद घालायला गेलीच, "पप्पा, ऊस ते आपला शे, लिंबू बी आपलंच..."

"अर्धं आपलं ऱ्हायनं तरी चालाव नई."

बिचाऱ्या ताकुमीला वाटलं, पेय आवडलं नाही. तो पुन्हा पुन्हा वाकून माफी मागू लागला. कामिनीने त्याला त्यांच्या भाषेत सांगायला घेतलं, पण मध्येच तिला हुंदका आला आणि सांगणं अर्धवट राहिलं. तेव्हा हे पुढे झाले, तोच ग्लास उचलून त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "जवाई, तुम्ही ल्या."

ती रीत आईलाही लागू असते. मी माझा ग्लास लेकीपुढे सरकवला. त्या दोघांनी चारही ग्लास संपवले आणि आम्ही दोघं समोर बसून नुसता रस प्यायलो. आठ दिवसांत मला पहिल्यांदा अन्न गोड लागणार होतं.

रस संपताच हे घाईने उठले. "सकाय जावाना पहिले जवाईले टोपी-टावेल करना पडी. दुकान बंद होई जाई." टोपी-टावेल हा आमच्याकडे जावयाचा मान. यांनी मोटरसायकलची चावी घेतली आणि ताकुमीचा दंड धरला. मी म्हटलं, टोपी तुम्ही एकटे आणा की, त्याला कशाला नेता?

"डोकानं माप नको का?" म्हणाले.

मापाला दोरा पुरला असता. आमच्या दारातून सगळा बाजार दिसतो. मी तिथे उभी राहून पाहिलं. त्याला मागे बसवून यांनी गाडी भर बाजारातून नेली, आणि दर दुकानापुढे थांबवली.