ओदिलच्या आत्याचा पाव

मदर सिदोनी आमच्या मठशाळेत आल्या आणि त्यांनी आठवड्याभरात आमच्या भाषणांतून ग्रीक राजे, अलंकार, आभाळाकडे फेकलेले हात सगळं हद्दपार केलं. "प्रवचन म्हणजे झालरीचा झगा नव्हे, मुलींनो. ऐकणाऱ्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे. उदाहरण आपल्या गल्लीतलं घ्या." मला तर पंखच फुटले. कालपर्यंत माझा आवाज शेजारच्या बाकावर पोचत नव्हता. आता मी उभी राहिले की जांभया मधेच थांबायच्या.

बक्षीस समारंभाला विषय मिळाला, वडीलधाऱ्यांचा सांभाळ. मी गल्लीतलंच उदाहरण घेतलं. लेसचा एक व्यापारी. ज्या बहिणीनं त्याला वाढवलं तिलाच त्यानं गरिबांच्या आश्रमात टाकलंय, आणि त्याची मुलगी आपल्या ताटातला पांढरा पाव एप्रनमध्ये लपवून दर गुरुवारी तिला नेऊन देते. पालकांच्या रांगेतल्या माना एकाच दिशेला वळल्या. माझ्या मैत्रिणीच्या, ओदिलच्या, वडिलांच्या गुडघ्यावरची टोपी खाली पडली. बिशपांच्या प्रतिनिधींनी डोळे पुसले आणि रविवारी चर्चमध्ये हेच पुन्हा बोलायला सांगितलं.

ही गोष्ट ओदिलनं फक्त मला सांगितली होती.

"छान बोललीस," जिन्यात ती म्हणाली. "बाबांनी माझं गुरुवारचं बाहेर जाणं बंद केलंय. आता आत्याला पाव तूच पोचव, भाषणातून."

"अगं, मी नाव कुठे घेतलं?"

"गरजच काय होती?"

मी मदरकडे गेले. "रविवारी दुसरं उदाहरण घेऊ?"

"वेडे, हे खोटं आहे का?"

"खरं आहे, मदर. म्हणूनच."

त्यांना ते पटलं नाही.

रविवारी ओदिलचे वडील पुढच्याच बाकावर, मार खायला बसल्यासारखे. मी तोंड उघडलं आणि सगळे ग्रीक राजे परत आणले. हात आभाळाकडे फेकले. प्रतिनिधींना डुलकी लागली, मदरनी कपाळाला हात लावला. ओदिलच्या वडिलांनी हळूच श्वास सोडला. ओदिलची बंदी मात्र उठली नाही.

गुरुवारी माझा पाव एप्रनमध्ये घालून मीच आश्रमात गेले. म्हातारीनं तो हातात घेतला, माझ्यामागे दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि आमची ओदिल?"

एवढं बोलायला शिकलेली मी. तिच्या हातातला पाव मोडून द्यायला लागले.