डावं इंजिन

दोन इंजिनांची बोट पहिल्यांदाच घेणाऱ्यांना धक्क्यावरचे मास्तर जे जे सांगतात, ते मला आता तोंडपाठ आहे. धक्क्याला लागताना चाकाला हात लावायचा नाही, चाक सरळ ठेवून दोन इंजिनांच्या दोन लिव्हरांवरच बोट वळवायची. वारा कुठून येतोय ते दोर सोडायच्या आधी बघायचं, सोडल्यावर नाही. धक्क्याजवळ येताना कुणी झोपलेल्या खोलीत शिरावं तसं यायचं. आणि दोन इंजिनं आहेत म्हणून एकाच्या जिवावर दुसऱ्याला विश्रांती द्यायची नाही, निघायचं तर दोन्ही चालू करून निघायचं. माणूस घसा कोरडा करून हे सांगतो, आणि आमच्यासारखे लोक माना डोलावून आपल्याला हवं तेच करतात.

बोटीचं खूळ भावजींचं. आमचं चष्म्यांचं दुकान आहे. हे मागच्या खोलीत काचा घासणार आणि भावजी पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांशी बोलणार, अशी दोघा भावांची वाटणी पहिल्यापासूनची. ह्यांना माणसांचा कंटाळा आणि भावजींना गप्प बसण्याचा. दुकानावर आम्ही राहतो, आमच्यावर भावजी आणि धाकटी. धाकटी म्हणजे माझी जाऊ. मूलबाळ आम्हा दोघींनाही नाही. "पोरं नाहीत तर बोट तरी असू दे, ती निदान उलट बोलणार नाही," असं भावजी म्हणायचे. ती किती उलट बोलते ते त्यांना बघायला मिळालं नाही.

बोट जुनी, पण अंगाने धड होती. खाली केबिनमध्ये दोन बाक, एक शेगडी आणि एक संडास. संडास एवढा अरुंद, की कुठे तोंड करून बसायचं ते आत शिरायच्या आधीच ठरवावं लागायचं. मागच्या बाजूला फळीखाली दोन इंजिनं शेजारी शेजारी. दोघांना दोन किल्ल्या, आणि पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून प्रत्येकीला बुचाचा एकेक गोळा. लाल गोळ्याची किल्ली डाव्या इंजिनाची, पिवळ्याची उजव्याची. भावांनी तिथल्या तिथे वाटून टाकलं, डावं धाकट्याचं आणि उजवं थोरल्याचं. म्हणजे एकाला चोरून बोट पळवायची सोय नको, असं म्हणून दोघं खदाखदा हसले.

मास्तरांनी जन्मभर बंदरात जहाजं ओढणारी टग चालवली होती. आता धक्क्यावरच्या बोटींची देखभाल करायची आणि नवशिक्यांना शिकवायचं, एवढंच काम. त्यांनी कपाळाला हात लावला. "दोन्ही लिव्हर एकाच डोक्याच्या हातात पाहिजेत," ते म्हणाले. ऐकतंय कोण? दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले, भावजींचा हात डाव्या लिव्हरवर, ह्यांचा उजव्या. सकाळभर धक्क्याला धडका बसल्या आणि मी दोर हातात घेऊन सगळ्या देवांना कामाला लावलं. पण संध्याकाळपर्यंत काय झालं कोण जाणे, दोघं एकमेकांकडे न बघताच समजायला लागले. भावजींनी लिव्हर पुढे ढकलली की हे आपली मागे ओढायचे. चाकाला कुणाचा स्पर्श नाही, आणि ती एवढी मोठी बोट जागच्या जागी गर्रकन फिरायची. मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

धाकटी तेव्हा तापाने अंथरुणात होती. घरी आल्या आल्या भावजी वर गेले, मीही मागोमाग पेज घेऊन गेले. त्यांनी खिशातली चष्म्याची डबी काढून टेबलावर ठेवली, दोन्ही टोकांना एकेक बोट लावलं आणि फिरवली. "अशी फिरते बघ. जागच्या जागी. तसूभर सरकत नाही. बरी हो, रविवारी तुला दाखवतो."

रविवार उजाडायच्या आधीच ते गेले. काउंटरवर एका बाईंच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर नीट बाजूला ठेवला, चष्मा बाईंच्या हातात दिला आणि खुर्चीवरून घसरले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

लाल गोळ्याची किल्ली धाकटीकडे राहिली. तिने ती आरशाशेजारच्या खिळ्याला अडकवली. पिवळी ह्यांच्या खिशात.

दुकान उघडलं. काउंटरवर मी बसायला लागले, कारण हे पुढे यायला तयार नव्हते. आणि सुट्टीच्या दिवशी हे बोटीवर जायला लागले, एकटं उजवं इंजिन लावून. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. वाटलं, माणूस घराबाहेर तरी पडतोय. मीही दोर धरायला सोबत जायची. एका इंजिनावर बोट सरळ जात नाही, बंद इंजिनाच्या बाजूला ओढत राहते. हे चाक उजवीकडे पिळून धरून उभे राहायचे, तेव्हा कुठे ती नाकासमोर जायची. परत येईपर्यंत ह्यांचे खांदे भरून यायचे.

मास्तर धक्क्यावरून बघायचे. एकदा न राहवून बोटीवरच चढले.

"साहेब, दोन्ही लावा. डावं असं उभं ठेवू नका. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"ते माझं नाही," हे म्हणाले.

"किल्ली नसेल तर मी दोन तारा जोडून चालू करून देतो. दहा मिनिटांचं काम आहे."

ह्यांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल. त्या दिवशी त्यांनी मास्तरांचा दंड धरला आणि त्यांना अक्षरशः धक्क्यावर उतरवलं. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. परत जाताना मीच त्यांची माफी मागितली.

मग मी वरच्या मजल्याचा जिना चढले. धाकटी शिलाई मशीनपाशी भावजींचा एक शर्ट उसवत बसली होती. कशासाठी, ते तिलाही माहीत नसावं. मी किल्ली मागितली.

"देईन ना ताई," ती म्हणाली. "पण इंजिन लावीन मी. दादांनी म्हणावं, चल म्हणून. त्यांनी मला बोटीवर बोलावलंय का एकदा तरी?" ह्यांना ती दादा म्हणते.

मी खाली आले. "अहो, ती यायला तयार आहे. तुम्ही फक्त चल म्हणा."

ह्यांनी काच घासायच्या चाकावरून मान वर केली नाही. हातातली काच पुरी करून चाक थांबवलं. "गेला त्या दिवशी सकाळी तो मला म्हणाला होता, डावा हात जड झालाय," ते म्हणाले. "मी म्हटलं, लिव्हर ओढून ओढून दुखत असेल. दोघंही हसलो. आता तिला कुठल्या तोंडाने चल म्हणू?"

लिव्हरने हात दुखतोच, असं म्हणून बघितलं. त्यांनी चाक पुन्हा चालू केलं.

त्यानंतर मी तो जिना किती वेळा चढले उतरले असेन. इकडची गोष्ट तिकडे सांगायची आणि तिकडची इकडे, एवढंच माझं काम उरलं. हे बोलावणार नाहीत आणि ती आपणहून येणार नाही. दोघांचीही समजूत एकच होती, की कुणी हात लावला नाही तर भावजींची वस्तू त्यांनी ठेवली तशीच राहील. चष्मा काचेच्या कपाटात राहतो तशी. आणि तिकडे खारं पाणी आपलं काम करत होतं, पण ते सांगायला मी तरी कुठे इंजिनातली जाणकार होते? मला दोघांचाही राग यायचा, आणि तोंड उघडलं की रडू यायचं. म्हणून मी गिऱ्हाइकांवर डाफरत राहिले.

असं बरेच महिने चाललं. मग धाकटीच्या बहिणीचं बोलावणं आलं. ती एकटीच असते, लांबच्या गावी. इथे बसून काय करतेस, माझ्याकडेच ये, म्हणाली. धाकटीने सामान बांधलं. परत यायचं असलं तर कुणी मशीन सोबत नेत नाही, आणि तिने मशीन बांधून घेतलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. काउंटर ओलांडून सरळ मागच्या खोलीत गेली आणि ह्यांच्या पुढ्यात किल्ली ठेवली.

"दादा, मला तेवढं जागच्या जागी फिरणं दाखवा," ती म्हणाली. "मग मी जाते. ते मला रविवारी दाखवणार होते."

हे किल्लीकडे बघत बसले. मग उठले, हात धुतले आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. मला वाटलं, आज दोघं बोलतील, रडतील, काय करायचं ते करतील, पण एकदाची ही कोंडी फुटेल. वाटेत मी अखंड बडबडत होते. कुणी ऐकत नव्हतं, तरी मला चाललं.

बोटीवर ह्यांनी आधी उजवं लावलं. ते लगेच लागलं. मग ते बाजूला झाले. धाकटी पुढे आली, पदर खोचला आणि लाल गोळ्याची किल्ली डाव्या भोकात घालून फिरवली.

टक, असा आवाज आला. पुढे काहीच नाही. तिने पुन्हा फिरवली. पुन्हा टक.

"मला जमत नाहीये का?" तिने विचारलं.

ह्यांनी फिरवून बघितली. मग मी मास्तरांना हाक मारली. बिचारे लगेच आले, मागचं काही मनात न ठेवता. त्यांनी उजवं बंद करायला सांगितलं, मागची फळी उचलली, डाव्या इंजिनातली तेल बघायची पट्टी बाहेर ओढली आणि आमच्यासमोर धरली. तेल काळं असतं एवढं मलाही माहीत होतं. पट्टीवरचं तेल पांढरट होतं, दुधात कालवल्यासारखं.

"पाणी शिरलंय," मास्तर म्हणाले. "आतून सगळं गंजून धरलंय. हे आता फिरायचं नाही."

"उभं राहून?" मी विचारलं.

ते जरा घुटमळले. "नुसतं उभं राहून एवढं झालं नसतं. उजवं एकटं चालतं ना, तेव्हा मागे जे पाणी उसळतं ते बंद इंजिनाच्या धुराच्या नळीतून आत चढतं. दोन्ही चालू असली की धूर पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणून मी म्हणत होतो."

ह्यांनी ऐकलं. दर सुट्टीला भावाच्या आठवणीने बोट काढायची आणि दर सुट्टीला त्याच्या इंजिनात आपल्याच हाताने थोडं थोडं पाणी भरायचं, असं ते झालं होतं. माझ्या नवऱ्याचा चेहरा मला तेव्हा बघवला नाही. मी मास्तरांच्या बुटांकडे बघत राहिले.

"दुसरं बसवता येईल," मास्तर हळूच म्हणाले.

"नको," हे म्हणाले.

धाकटी भोकातली किल्ली तशीच धरून उभी होती. "मग आहे त्याच्यावर न्या," ती म्हणाली. "उद्या मी नसणार."

उजवं पुन्हा लावून निघालो. मास्तरांनी दोर सोडून दिले. ह्यांनी चाक उजवीकडे पिळून धरलं आणि बोट खाडीच्या मधोमध आणली. पाणी संथ होतं, आजूबाजूला दुसरी बोट नव्हती. फिरवायला याहून चांगली जागा मिळाली नसती. ह्यांचा डावा हात त्या मेलेल्या लिव्हरवर गेला, तिथे जरा थांबला आणि परत आला.

"धर हं नीट," ते धाकटीला म्हणाले. भावजी गेल्यापासून ते तिच्याशी आपणहून बोललेले हे पहिले शब्द. मग त्यांनी चाक सोडून दिलं.

सोडल्याबरोबर बोट डावीकडे ओढली गेली आणि वळत राहिली. मोठं, ढिलं वर्तुळ. धक्का समोरून गेला, मग पलीकडचा किनारा, मग वखारी, मग उघडा समुद्र, मग पुन्हा धक्का. अर्ध्या खाडीला वळसा पडला असेल. धाकटी कठड्याला धरून सगळं बघत होती, परीक्षेत प्रश्न वाचावा तसं लक्ष देऊन.

"अशीच फिरायची का, दादा?" तिने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर कदाचित सगळंच बाहेर आलं असतं, हात जड झाल्याचं, लिव्हरचं, पाण्याचं. ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

"हो," ते म्हणाले. "अशीच."

धाकटीने मान डोलावली. "हं. त्यांनी डबीवर दाखवली होती तशीच आहे."

मी तिथे होते. डबी टेबलावरून तसूभर हलली नव्हती. तिने ते माझ्याइतकंच नीट बघितलं होतं, आणि हे त्या दिवशी बोट फिरवणाऱ्यांपैकी एक होते. आता इकडचं तिकडे सांगायला तो जिना चढण्यात काही अर्थ उरला नव्हता.

आणखी एक फेरा झाला. मग धाकटी म्हणाली, "चला, सामान बांधायचं राहिलंय." ते सगळं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. तिने डाव्या भोकातली किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि खाली केबिनमध्ये जाऊन बाकावर बसली. ह्यांनी चाक पुन्हा उजवीकडे पिळून धरलं. हात सोडला की बोट डावीकडे जायची, म्हणून धक्का येईपर्यंत त्यांना डोळे पुसता आले नाहीत, ते मी पुसले.