जमनाचा गुडघा

फाल्गुनातल्या हवेची हमी द्यायची तर देवानेही आधी विचार करावा. आमच्या घिवलीत तर सकाळी धुकं, दुपारी पाठ भाजणारं ऊन आणि संध्याकाळी ओला खारा वारा. मधेच आभाळ भरून आलं की आम्हा बायकांची धावपळ उडायची, कारण तेव्हा बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत असायचे. वाळता बोंबील एकदा भिजला की त्याला किडे पडतात.

आमच्या आळीला मात्र रेडिओची गरज नव्हती. माझ्या सासूचा, जमनाचा, उजवा गुडघा होता. तो ठणकला की पाऊस, नाही ठणकला की खुशाल वाळवा. शेजारची हिरामावशी पुढच्या पंधरवड्याचंसुद्धा विचारायला यायची, आणि सासू गुडघा चोळत, डोळे मिटून हवा सांगायची. तिचा तोरा काय वर्णावा.

शहाऐंशी साली माझा नवरा शांताराम बोईसरच्या कंपनीतून शिफ्ट संपवून येताना तिच्यासाठी डॉक्टरच्या गोळ्या घेऊन आला. सासूने चारचौघांत डॉक्टरला नावं ठेवली आणि आतल्या खोलीत गुपचूप गोळी घेतली. कुणाला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. थोड्याच दिवसांत ती पोरीसारखी चालायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग हिरामावशी हवा विचारायला आली. होळीपर्यंत थेंब पडायचा नाही, असं सासूने ठणकावून सांगितलं. आळीने होता नव्हता तेवढा बोंबील वलांड्यांवर चढवला.

दुसऱ्या दिवशी कालवणात घालायला मी मिठाच्या बरणीत हात घातला, तर मीठ ओलं, चिकट. बाहेर वारा पडला होता आणि दक्षिणेचं आभाळ काळवंडलं होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आळीला खरं सांगावं तर सासूची अब्रू जाणार, न सांगावं तर सगळ्यांचा बोंबील.

मी तशीच बरणी घेऊन सासूकडे गेले. म्हटलं, "आय, गुडघा गोळीनं गप हाय. पाऊस येनार."

तिने मिठात बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पडला. मग ती उठली आणि कण्हत, लंगडत अशी दाराबाहेर पडली की क्षणभर मीच घाबरले. गुडघा उठला, बोंबील काढा, म्हणत तिने आळी डोक्यावर घेतली. बायका टोपल्या घेऊन धावल्या. शेवटची टोपली पडवीत आली आणि सर कोसळली. आळीभर जमनाच्या गुडघ्याचं कौतुक झालं.

संध्याकाळी तिने गोळ्यांची पुडी माझ्या हातात ठेवली. "नको मला. आळीचा बोंबील माज्या गुडघ्यावर हाय."

गेलेलं दुखणं ती आळीसाठी परत मागून घेत होती. ही तोरेबाज बाई मला त्या दिवशी फार आवडली. पण मीही काही कमी हट्टी नव्हते. "गोळी तू घे, आभाळ मी बगते," मी म्हटलं. "तू नुसती लंगड."

झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही खूण ठरवून टाकली. मीठ कोरडं असलं की मी दारात सूप घेऊन तांदूळ पाखडायचे, ओलं असलं की अंगणात पाणी शिंपडायचे. पुढे आभाळ आलं तेव्हा तेव्हा गुडघा वेळेवर उठला, आणि कुणाचा एक बोंबील भिजला नाही.

होळीला नैवेद्य घेऊन निघाले, तर हिरामावशीने मला बाजूला ओढलं. आधी इकडेतिकडे बघितलं, मग गालात हसली.

"सासूला सांग, गुडघा उजवा हाय. काल डाव्या पायानं लंगडत होती."

मग तिने आवाज आणखी खाली आणला.

"आनि होळीनंतर हवा कशी राहील, ते आता तूच सांग."