सर्व्हेतला शेवटचा प्रश्न

भाग्यश्रीच्या हाताला चव आहे, याबद्दल बिबवेवाडीतल्या तिच्या सोसायटीत कुणाचं दुमत नव्हतं. पुण्यात एवढ्या माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं हीच केवढी मोठी गोष्ट. पण नुसती चव असून भागत नाही, गिऱ्हाईकही लागतं. यवतमाळहून लग्न होऊन आल्यापासून ती पुडाची वडी करून विकायचं म्हणत होती. कोथिंबीर, खोबरं आणि खसखशीचं सारण बेसनाच्या पारीत घडी घालून तळायचं आणि वर गरम कढी ओतून खायचं. थंडीत कोथिंबीर स्वस्त झाली तशी तिने जाहिरातीचे कागद छापून घरोघर वाटले. लोकांनी ते घेतले, वाचले आणि रद्दीत ठेवून दिले.

योगेश, तिचा नवरा, मूळचा तिकडचाच, मोठा भला माणूस. त्याने ओळखीतून एका पतसंस्थेत तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. फेब्रुवारीपासून काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि लोकांना शिक्के मारून द्यायचे.

"जानेवारीत तुही वडी चालली तर चालली," तो म्हणाला, "नाही तर ही नोकरी धर."

तिने मान डोलावली. ती खिडकी तिला मनातून मुळीच नको होती, पण कबूल केलं ते केलं.

निम्मा जानेवारी कोरडाच गेला. तेव्हा तळमजल्यावरची तनया मदतीला आली. ती कुठल्याशा कंपनीत मार्केटिंग करायची आणि तिच्या बोलण्यात दर दोन शब्दांनी एक इंग्रजी शब्द यायचा.

"वहिनी, डायरेक्ट विकायला गेलं की लोक पळतात," ती म्हणाली. "त्यांचं मत विचारा. ऑनलाइन सर्व्हे टाका. चार प्रश्न विचारायचे आणि एंडला हळूच फोन नंबर घ्यायचा. तो नंबर म्हणजे तुमची लीड. मग एकेकाला फोन करायचा."

"लीड म्हणजे काय वं?"

"उद्याचं गिऱ्हाईक."

हे भाग्यश्रीला पटलं. दोघींनी बसून प्रश्न तयार केले. तनया घरी गेल्यावर मात्र भाग्यश्रीला चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. लोकांना एवढं विचारायचं, त्यांचा नंबर घ्यायचा आणि या जेवायला असं साधं म्हणायचंही नाही? तिच्या माहेरी दारावरून जाणाऱ्याला सुद्धा 'या, बसा, दोन घास खा' म्हटल्याशिवाय पुढे जाऊ देत नसत. तो 'येतो ना' म्हणायचा आणि आपल्या वाटेने निघून जायचा. कुणी कुणावर रागवायचं नाही. माणुसकी राखली जायची. म्हणून तिने शेवटी आपल्या मनाने एक प्रश्न घातला: 'येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरी वडी-कढी खायला याल का?' खाली पत्ता, आणि 'हो' व 'नाही' असे दोन पर्याय. मग सर्व्हे तनयाला पाठवला. तनयाने तो तिच्या आत्या-मावश्यांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो पार नारायण पेठ, कसबा पेठेपर्यंत पोचला.

पुणेकराला वस्तू घ्या म्हटलं तर तो दहा वेळा विचार करतो. मत द्या म्हटलं की एकदाही करत नाही. उत्तरं धो धो आली.

'आठवड्यातून किती वेळा बाहेरून नाश्ता मागवता?' या प्रश्नाला एकीने लिहिलं होतं, 'मागवत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघर आहे.' 'घरगुती वडी मागवायला आवडेल का?' याला उत्तर होतं, 'न खाता कसं सांगणार?' आणि फोन नंबरच्या जागी कुणी 'कशाला?' लिहिलं होतं, कुणी 'आधी आपला द्या', तर बहुतेकांनी ती जागा मोकळीच सोडली होती.

तनयाने नंबरांचा रकाना वरून खाली पाहिला आणि हताश होऊन फोन बाजूला ठेवला. "एक पण लीड नाही, वहिनी. सॉरी."

शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच जणांनी 'हो' म्हटलं होतं, ते भाग्यश्रीनेही पाहिलं. पण ते तिने मनावर घेतलं नाही. हो म्हणायला लोकांचं काय जातं? शनिवारी तिने कपाटातून पतसंस्थेत नेसायच्या साड्या काढून इस्त्रीला दिल्या आणि कुणी बघत नाही असं पाहून थोडंसं रडून घेतलं.

रविवारी योगेश डोक्याला तेल थापून पेपर वाचत बसला होता. दहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या, हातात पिशवी.

"मी हेमा. नारायण पेठ. सर्व्हेत 'हो' लिहिलं होतं."

भाग्यश्रीने जिन्यात डोकावून पाहिलं. बाईंच्या मागे एक जोडपं होतं, त्यांच्यामागे दोन मुलींना घेऊन एक गृहस्थ, आणि त्यांच्याही मागे थेट खालच्या मजल्यापर्यंत जिन्यात माणसं उभी होती. सगळ्यांच्या चेहऱ्यावर वेळ पाळल्याचं समाधान होतं.

तिने आत वळून नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, लोकं खरंच येऊन राहिले बाप्पा. आता काय करू जी?"

घरात कोथिंबिरीची एक जुडी होती आणि तीही मान टाकलेली. योगेश तेलकट डोक्यानेच पिशवी घेऊन मंडईकडे सुटला. पाहुणे आत आले, खुर्च्यांवर, पलंगावर, शेवटी सतरंजीवर बसले. काही वेळ गेला. एकाने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा आपल्या.

भाग्यश्रीला राहवेना. ती पदर सावरून मधोमध उभी राहिली. "खरं सांगते. मी सहज लिहिलं होतं. आमच्याकडे असं म्हणायची रीत आहे. तुम्ही खरंच याल असं मला वाटलंच नाही. काहीच तयार नाही."

सगळ्यांनी हेमाताईंकडे पाहिलं.

"मग लिहायचं नव्हतं," हेमाताई म्हणाल्या. "आम्ही मनात असल्याशिवाय बोलावत नाही आणि बोलावल्यावर चुकत नाही." मग त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि पदर खोचला. "आता आलोच आहोत. कोथिंबीर येऊ दे, निवडते."

आणि पुढे जे झालं त्याला पंगत म्हणावं की घरचं कार्य, हे देव जाणे. सतरंजीवर कोथिंबिरीचा डोंगर पडला आणि सगळी खोली निवडायला बसली. कसब्यातल्या जोडप्याने खोबरं किसलं. तनयाने वर येऊन ताक घुसळलं, कढीला आलं वाटलं. सल्ले तर न मागता मिळत होते. पीठ सैल झालंय, गॅस मोठा आहे, खसखस अजून भाजा. भाग्यश्री सगळ्यांना 'हो' म्हणत होती आणि आपल्याला हवं तेच करत होती. तिचे हात भराभर चालत होते, कानशिलं तापली होती, आणि आपण फार आनंदात आहोत हे तिच्या मध्येच लक्षात आलं.

पहिला घाणा निघाला. कढी ओतलेल्या वाट्या फिरल्या आणि खोलीतलं बोलणं बंद पडलं. पुणेकर गप्प बसला म्हणजे काय समजायचं ते तिला ठाऊक नव्हतं. तिचा जीव टांगणीला लागला.

"बरी आहे," हेमाताई म्हणाल्या आणि वाटी पुढे केली. "अजून दोन."

त्यानंतर मात्र बांध फुटला. हळदीकुंकवाला, भिशीला, मुलीच्या डोहाळजेवणाला, एकेक जण सांगायला लागला. "नंबर लिहून घ्या," हेमाताईंनी फर्मावलं.

"सर्व्हेत का नाही दिलात?" तनयाने विचारलं.

"तेव्हा ओळख होती का?"

भाग्यश्री झारा हातात धरून ऐकत होती. गावाकडे लोक तिला भिडेखातर हो म्हणायचे आणि ते गोड वाटायचं. इथे भीड हा प्रकारच नव्हता. या माणसांना वडी आवडली नसती तर त्यांनी ते तोंडावर सांगितलं असतं, वर कारणंही दिली असती. म्हणजे ही मागणी खरी होती. ती पुरेपूर खरी होती.

"मी जात नाही नोकरीले," ती योगेशला म्हणाली.

"काहून जाशील?" तोंडातला घास न गिळताच तो म्हणाला. "उद्याची कोथिंबीर कोण निवडंल?"

माणसं पांगली तरी खिडकीजवळ एक वृद्ध गृहस्थ मागे राहिले होते. श्रीनिवास असं त्यांचं नाव, एवढंच त्यांनी आल्यावर सांगितलं होतं. सकाळपासून त्यांनी ना कोथिंबीर निवडली ना सल्ला दिला, फक्त वाटी तीनदा भरून घेतली. आता त्यांनी चपला घातल्या आणि दारात थांबले.

"मी त्या सर्व्हेत 'नाही' लिहिलं होतं," ते म्हणाले.

"मग आलात कसे?"

"अशी फुकट बोलावणारी बाई आहे तरी कोण, ते बघायला." त्यांनी घसा साफ केला. "ते उत्तर आता बदलायचं आहे. कसं बदलतात?"