खुंटीवरची हॅट

आठवडाभर प्रागमध्ये ट्राम चालवणारा व्होंद्रोउश शनिवारी साझावा नदीकाठच्या जंगलात पोचला, की शेरीफ व्हायचा. तिथल्या लाकडी झोपड्यांत सुट्टीपुरते काउबॉय होणाऱ्या मंडळींनीच त्याला निवडलं होतं. अमेरिका त्यांच्यापैकी एकानेही पाहिली नव्हती, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं.

काउबॉयचा सिनेमा काढणाऱ्यांना गुत्त्यातल्या गोळीबारात मरायला माणसं हवीत, असं कळताच तो स्वतःची हॅट घालून हजर झाला. ती हॅट त्याच्या बायकोने, ब्लाझेनाने, पातेल्याच्या वाफेवर धरून घडवली होती. ब्लाझेना आता नव्हती, हॅट होती.

सेटवर गेल्यावर त्याला उमगलं, की हा सिनेमा काउबॉय लोकांची चक्क टिंगल करणारा आहे. इथे नायकाच्या घोड्यालासुद्धा पावडर लावत होते. शेरीफचा चेहरा पडला. पण शब्द दिला होता.

"गोळी लागली की पडायचं, आजोबा. बाकी काही करू नका," दिग्दर्शक म्हणाला.

गोळी लागली. शेरीफने छाती दाबली, झोकांड्या खात भिंतीपर्यंत गेला, हॅट काढून खुंटीला नीट अडकवली आणि मग मेला. हॅट जमिनीला लागू द्यायची नाही, हा जंगलातला पहिला नियम, आणि तो त्याच्या हाडीमासी खिळला होता. सगळा सेट पोट धरून हसला.

"हेच ठेवू या," दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला.

शेरीफने जंगलात चकार शब्द काढला नाही. तरी बातमी फुटलीच, आणि पहिल्या खेळाला अख्खी टोळी हॅटसकट आली.

"इस्त्रीचा शर्ट घातलाय तुझ्यासाठी," त्याचा जुना दोस्त बोरेक म्हणाला. "नीट मेला नाहीस तर बघ."

शेरीफला हसता येईना. आपण आपल्याच माणसांचं हसं केलं, आता शेकोटीपाशी कुठल्या तोंडाने बसायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

पडद्यावर तो मेला. थिएटर हास्याने दणाणून गेलं. फक्त त्याची रांग गप्प होती. संपलं सगळं, असं त्याला वाटलं.

बोरेक त्याच्या कानाशी वाकला. "हसतायत कशाला रे हे? मग काय ब्लाझेनाची हॅट खाली टाकायची होती का?"

शेरीफने मान वर केली. मरता मरता खुंटी शोधणारा तो म्हातारा त्याला आता कुठे दिसला. त्याला असं काही हसू फुटलं, की डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ब्लाझेना असती तर सगळ्यांत मोठ्याने तीच हसली असती.