अर्धी खूण

मुलीने चमचा ओठांशी नेला तसे बँडमास्तरने ओठ मिटून घेतले. सूप हनुवटीवरून ओघळून गळ्याशी खोचलेल्या टॉवेलवर पडलं. तिने ते टिपलं, पुन्हा चमचा भरला, पुन्हा ओठ मिटले. मग चादरीवरचा त्याचा डावा हात सावकाश वर आला. मूठ वळलेली, अंगठा बाहेर. मूठ छातीशी टेकली आणि तिथून बाहेरच्या बाजूला सरकली. पुन्हा छातीशी, पुन्हा बाहेर. उजवा हात अर्धांगाचा झटका आला त्या दिवसापासून गेलेलाच होता; जिथे ठेवावा तिथे पडून राहायचा.

"काका, बघा. पुन्हा तेच चाललंय."

खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या ठोकळ्याने बघितलं आणि लगेच चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला.

"उशी," तो म्हणाला. "उशी टोचत असेल. जराशी बाहेर ओढ."

तिने उशी ओढली. हात आणखी दोन-तीनदा छातीशी गेला आणि दमून चादरीवर पडला.

हवाई दलाच्या त्या तळावर कुणाला खऱ्या नावाने हाक मारली तर तो दचकायचा, घरून तार आली की काय म्हणून. बँडमास्तर विमानासमोर उभा राहून हातांतल्या दोन रंगीत फळ्यांनी वैमानिकाला खुणा करायचा. ये, वळ, थांब. वाजवणारं कुणी नाही, पण ऐट मात्र पुरी बँडमास्तरची. ठोकळ्या विमानाच्या पोटाखाली वाकून बसायचा. उभ्या विमानाची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना लाकडी ठोकळे लावायचे आणि निघायच्या वेळी ओढून काढायचे, हे त्याचं काम. पोटाखालून वैमानिक दिसायचा नाही, इंजिनाच्या आवाजात कुणाचं बोलणं कानावर यायचं नाही. दिसायचे ते बँडमास्तरचे हात. दोन मुठी छातीशी जोडून, अंगठे बाहेर करून दोन्हीकडे ओढल्या की ठोकळे काढ. मुठी एकमेकींकडे आल्या की ठोकळे लाव. सगळी नोकरी त्याने त्या हातांखेरीज दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही. बायकोचंसुद्धा, असं बायको म्हणायची.

तेव्हा उशीचा इथे काडीचाही संबंध नव्हता. एकच हात चालत होता म्हणून खूण अर्धी होती, एवढंच. ठोकळे काढ. जाऊ दे मला. ठोकळ्याला ते पहिल्या शनिवारीच कळलं होतं, आणि पहिल्या शनिवारीच तो बोलून गेला होता, "पांघरूण जड होतंय त्याला." पुढचे काही शनिवार पंखा झाला. आता उशी. एकदा पांघरूण म्हटल्यावर मागे फिरायला तोंड उरलं नव्हतं.

पलंगाच्या पलीकडे स्टुलावर बसलेल्या रेडिओला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो तळावर बिनतारी संदेशांच्या खोलीत कानांवर डबडी लावून बसायचा. बाहेर हातवाऱ्यांनी काय चालतं हे बघायला त्याला कधी सवड झाली नाही. नोकरीत दिवसभर ऐकून घ्यावं लागलं त्याचा वचपा तो निवृत्तीनंतर बोलून काढत होता. आत्ताही तो साहेबांच्या टोपीवर आला होता.

"इंजिन सुरू झालं आणि टोपी जी उडाली," रेडिओ सांगत होता, "ती थेट नदीपलीकडे."

"मागच्या वेळी कुंपणापलीकडे पडली होती," ठोकळ्या म्हणाला.

"कुंपणावरून पुढे गेली."

"आणि सुरुवातीला ती गवतात होती. मी स्वतः उचलून आणली होती."

"ती दुसरी टोपी," रेडिओ शांतपणे म्हणाला आणि बँडमास्तरकडे वळला. "काय रे, खरं की नाही?"

बँडमास्तर छताकडे बघत होता. पूर्वी याच गोष्टीला तो इतका हसायचा की खोकल्याची उबळ यायची आणि मुलगी आतून पाणी घेऊन धावायची.

आधी शनिवारी तळावरचे अकरा-बारा जण इथे जमत. मग कुणाचे गुडघे गेले, कुणाला मुलांनी आपल्याकडे नेलं, कुणी गेलेच. तळही बंद झाला. मध्ये एकदा तिघं मिळून तो बघायला गेले होते. धावपट्टीवर लोक मोटार चालवायला शिकत होते आणि विमानं उभी राहायची त्या शेडमध्ये कुणीतरी कपाटांचं गोदाम केलं होतं. पहारेकऱ्याने आत सोडलं, पण तिघांनाही दहा मिनिटांत कंटाळा आला. परत येताना बसमध्ये मात्र ते तळाबद्दलच बोलत होते, आणि तो बोलण्यातला तळ अगदी ठाकठीक होता, एकूण एक दिवा चालू.

खाली हॉर्न वाजला. रेडिओची सून गाडी घेऊन आली होती.

"आली सरकारी गाडी," म्हणत रेडिओ उठला. त्याने बँडमास्तरच्या खांद्यावर थोपटलं. दाराशी गेल्यावर मुलीला हळूच विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"नळी घालू म्हणतात. नाकातून पोटात. त्यासाठी पुन्हा दाखल करायचं. खाट राखून ठेवलीय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"मग कळव की. खाल्ल्याशिवाय माणूस कसा राहील?"

"ते नळी उपटू नये म्हणून हात बांधून ठेवतात, काका. मागच्या वेळी बांधला होता."

रेडिओ एकेक पायरी धरून जिना उतरून गेला.

मुलीने दार लावलं. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं. सुईखाली एका शर्टाची बाही केव्हापासून तशीच दबून राहिली होती. मशीनवर सुपाची वाटी ठेवून ती आत आली आणि पलंगाच्या कडेला टेकली. तिच्या केसांत चिंधी अडकली होती. तिला ती दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी तिने काढली असती असं वाटत नव्हतं.

"भाऊ काय म्हणतो?" ठोकळ्याने विचारलं.

"तू म्हणशील तसं, म्हणतो."

"म्हणजे उद्या काही झालं तर 'तूच म्हणाली होतीस' म्हणायला मोकळा."

ती किंचित हसली. "वहिनी तर म्हणते, बाबांनाच विचारा. जणू मी विचारलं नसेल. काका, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त बघितलंय."

ठोकळ्याने चष्मा पुसायला घेतला; तो स्वच्छच होता. त्याला काय वाटत होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. घरी तो तळाचं नाव काढायचा तेव्हा मुलगा मोबाइल बघायचा, नातवंडं उठून जायची आणि सून म्हणायची, "हो बाबा, सांगितलंत तुम्ही." रेडिओच्या गोष्टींत तर टोपीखेरीज कुणाला जागाच नसायची. पहाटे दवात भिजलेले ठोकळे किती जड होतात, विमान सुटलं की अंगावर वाऱ्याची कशी थाप बसते, हे बघितलेला एकच माणूस उरला होता आणि तो या पलंगावर होता. बोलत नसेना का, ऐकत तर होता. तो गेला की आपण म्हणजे नुसते पेन्शन घेणारे म्हातारे. ठोकळ्याला याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही त्याला बँडमास्तर हवाच होता. नळीने का होईना.

"नळीने तब्येत सुधारते काहींची," तो म्हणाला.

"हो. काहींची."

"मग?"

"मग काही नाही. घालू म्हणताय का?"

पलंगावर हालचाल झाली. बँडमास्तरची मान या बाजूला वळली होती. डावा हात वर आला. मूठ छातीशी टेकली, बाहेर सरकली. या वेळी हात निम्म्यात थरथरून थांबला, तरी पुन्हा छातीशी गेला. मनगटाचं हाड कातडीखाली स्पष्ट दिसत होतं.

मुलीने या वेळी 'बघा' सुद्धा म्हटलं नाही. ती ठोकळ्याकडे बघत राहिली, आणि या वेळी चष्मा पुसून भागणार नव्हतं.

"उशी नाही ती," ठोकळ्या म्हणाला.

"हं."

"पंखाही नव्हता. पांघरूणही नाही. ठोकळे काढ म्हणतोय तो. ती खूण आहे आमची. विमान सोडायची."

त्याला वाटलं, आता ही उठेल, आवाज चढवेल, इतके आठवडे मला काय म्हणून उशा ओढायला लावल्या असं विचारेल. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. ती चादरीची सुरकुती हाताने सारखी करत राहिली.

"माहितीये, काका."

"काय माहितीये?"

"खूण. क्वार्टर्सच्या मागे आम्ही सगळी पोरं विमान-विमान खेळायचो. मोठी मुलं पायलट, मधली खुणा करणार. मी सगळ्यांत लहान, म्हणून मला ठोकळे काढायचं काम. विटांचे असायचे."

ठोकळ्याने तिच्याकडे बघितलं.

"मग मला विचारत का होतीस?"

"तुम्ही पांघरूण म्हणालात तेव्हा इतकं बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हटलं, ज्यांची खूण आहे तेच सांगताहेत, तर मीच विसरले असेन. दर शनिवारी विचारायचे. तुम्ही काहीतरी सांगायचात, मी ते करायचे, आठवडा निघायचा." तिने डोळे चोळले. "मला एकटीला ते ओळखायचं नव्हतं."

खालून कुठल्यातरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. बँडमास्तरचा हात पुन्हा छातीशी गेला.

"दिवसभर असं करतो का गं?"

"नाही. एरवी हात उचलतही नाहीत. मी एकदा अंगठा वर करून दाखवला त्यांना, खूण कळली म्हणून आम्ही खेळात दाखवायचो तसा. माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. तुम्ही आलात की करतात. फक्त तुम्ही आलात की. आणि उत्तर मिळेपर्यंत खूण थांबवायची नसते ना, काका?"

"नसते," ठोकळ्या म्हणाला.

तो नियम ठोकळ्या तिच्या जन्माच्या आधीपासून पाळत आला होता. पोटाखालच्या माणसाला खूण कळली हे समोरच्याला कळलं पाहिजे, नाहीतर तो हात खाली घेणार नाही; पावसात नाही, उन्हात नाही, खांदे भरून आले तरी नाही. आणि तो स्वतः शनिवारचे शनिवार इथे बसून चष्मा पुसत होता.

खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन तो उठला. गुडघा वाजला. पलंगाच्या पायथ्याशी, जिथून बँडमास्तरला मान न वळवता दिसेल तिथे जाऊन उभा राहिला. शर्ट पँटमध्ये नीट खोचलेला नव्हता. तो त्याने खोचला. बँडमास्तरची नजर त्याच्यावर आली आणि टिकली. मूठ छातीशी, मूठ बाहेर.

ठोकळ्याला हात वर करायला वेळ लागला. एकदा तो कमरेपर्यंत येऊन थांबला. मुलीने मान खाली घातली होती. मग त्याने हात पूर्ण वर नेला, खांद्याच्याही वर, आणि अंगठा दाखवला. तसाच धरून ठेवला. डोळ्यांत पाणी आल्याने त्याला समोरचं नीट दिसेना, म्हणून नियमापेक्षा जरा जास्तच वेळ धरला.

बँडमास्तरची मूठ सुटली. बोटं एकेक करून उलगडली आणि हात चादरीवर टेकला, उजव्या हाताच्या शेजारी. त्याने डोळे मिटले.

मुलगी उठली, टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि बाहेरच्या खोलीत गेली. ठोकळ्या खुर्चीकडे न जाता रेडिओच्या स्टुलावर बसला, तो पलंगाला जवळ होता म्हणून. सवयीने त्याने तळावरचं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण बँडमास्तरला गाढ झोप लागली होती, आणि मागचे कित्येक शनिवार ठोकळ्याने त्याला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. ठोकळ्या गप्प बसला.

बाहेरून तिचा आवाज येत होता. आधी तिने स्वतःचं नाव सांगितलं, मग बाबांचं. ते खरं नाव ऐकून ठोकळ्याला क्षणभर कळेना की कुणाबद्दल चाललंय.

"नाही, खाट नको," ती म्हणत होती. "नळी नको म्हणून फोन केलाय... हो, घरीच... हो, कळतंय मला, डॉक्टर."

मग पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. ती ऐकत होती.

"भावाला विचारलं," ती म्हणाली. "वहिनीलाही."

पुन्हा पलीकडचं काहीतरी.

"हो," ती म्हणाली. "त्यांनाही विचारलं."